नव्या शहरात कुणाला, केव्हा आणि किती द्यायचं: दिवाळीच्या पोस्तीपासून पार्लरच्या टिपपर्यंत

२०१३ च्या जूनमध्ये आम्ही लातूरहून ठाण्याला राहायला आलो. पहिल्याच दिवाळीत दारावर नऊ जण येऊन गेले. वॉचमन, कचरा नेणारे दोघे, पेपरवाला, दूधवाला, इस्त्रीवाले भैया, जिना झाडणाऱ्या ताई, आणि आणखी दोघे, ज्यांना मी त्याआधी कधी पाहिलंही नव्हतं. ‘ताई, दिवाळीची पोस्त’ असं कुणी म्हटलं की मी शंभराची नोट काढून देत होते. त्या अनोळखी दोघांनाही दिली. आणि ज्या मावशी पाच महिने रोज दोन तास आमच्याकडे भांडी-फरशी करत होत्या, त्यांच्या हातात मी अर्धा किलो मिठाई ठेवली. त्या ‘बरं ताई’ म्हणाल्या आणि गेल्या. आठवड्यानं शेजारच्या काकूंकडून कळलं की इथं घरकामाच्या बाईला दिवाळीला एक महिन्याचा पगार देतात.

गावाकडे हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. सालगड्याचं साल पाडव्याला ठरायचं, त्यातच कपडे आणि धान्य आलं. न्हाव्याला सुगीत काय द्यायचं ते आजोबांना पाठ होतं. शहरात कुणीच काही सांगत नाही, आणि ज्याला खरोखर द्यायचं तो तोंडानं मागत नाही. म्हणून गेल्या दहा-बारा वर्षांत विचारून, चुकून आणि पाहून जे समजलं ते इथं क्रमानं लिहिते आहे. आकडे मी जे देते ते आहेत. तुमच्या ऐपतीनं कमी-जास्त करा, पण क्रम आणि वेळा शक्यतो पाळा.

१. चार देणी वेगवेगळी ओळखा

सगळा गोंधळ इथून सुरू होतो. आपण ‘पैसे दिले’ म्हणतो, पण त्यात चार प्रकार असतात.

पहिलं ठरलेलं देणं. पगार, मजुरी, ड्रायव्हरचा मुक्कामाचा भत्ता, आयाच्या रात्रपाळीचे पैसे. हे उपकार नाहीत.

दुसरं रीतीचं देणं. दिवाळीची पोस्त, मालिशवाल्या बाईंची साडी, बारशाचं देणं. कागदावर कुठंच लिहिलेलं नसतं, पण समोरचा माणूस ते वर्षाच्या हिशेबात धरून चाललेला असतो. ते मिळालं नाही तर त्याच्या घरची दिवाळी अडते.

तिसरं खुशीचं देणं. हीच खरी टिप. काम मनासारखं झालं, कुणी जरा जास्त कष्ट घेतले, म्हणून आपण आपणहून दिलेलं.

चौथं जे द्यायचंच नाही ते. सरकारी कामासाठी दिलेलं ‘चहापाणी’ यात येतं. त्यावर शेवटी सविस्तर लिहिलं आहे.

एक नियम मी स्वतःला घालून घेतला आहे: पहिल्या दोन खात्यांतली रक्कम तिसऱ्या खात्यात दाखवायची नाही. रात्री साडेअकराला गाडी सोडून घरी गेलेल्या ड्रायव्हरला जादा तासांचे पैसे न देता ‘हे घ्या, खुशी’ म्हणून शंभर रुपये देणं म्हणजे त्याचीच मजुरी कापणं.

२. राहायला आल्यावर पहिल्या पंधरा दिवसांत रीत विचारून घ्या

दिवाळीची वाट पाहू नका. मजल्यावर दहा-पंधरा वर्षं राहणारं एखादं घर शोधा आणि सरळ विचारा. बायका हे फार मोकळेपणानं सांगतात. विचारायच्या गोष्टी अशा:

सोसायटी दिवाळीला प्रत्येक घराकडून वर्गणी काढते का? बऱ्याच ठिकाणी सेक्रेटरी फ्लॅटमागे ठरावीक रक्कम गोळा करून वॉचमन, सफाईवाले आणि माळी यांना वाटतात. तसं असेल तर दारावर पुन्हा द्यायचं की नाही, हेही विचारा. आमच्याकडे वर्गणी निघते, तरी रात्रपाळीच्या वॉचमनला मी वेगळं देते, कारण रात्री अपरात्री बाबांना रिक्षात बसवायला तोच धावला आहे.

वॉचमन एजन्सीचे आहेत की सोसायटीचे? एजन्सीचे असतील तर पैसे त्यांच्याच हातात द्या. एजन्सीच्या ऑफिसात दिलेली रक्कम त्यांच्यापर्यंत पोचेलच याची खात्री नसते.

कचरा कोण नेतं? पुण्यात बऱ्याच भागांत ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई २००८ पासून दारोदार येतात. त्या महापालिकेच्या पगारी नोकर नाहीत. घरटी जे मासिक शुल्क आपण देतो, त्यावर त्यांची कमाई चालते. ते शुल्क दर महिन्याला न मागता द्यायचं, आणि दिवाळीची पोस्त त्याशिवाय. कित्येक घरं शुल्कच थकवतात आणि दिवाळीला पन्नासची नोट देऊन मोकळी होतात, हे मला फार लागतं.

३. हाताशी एवढं ठेवा

एक वही. मोबाइलमध्ये लिहिलं तरी चालेल, पण मला वही बरी वाटते. त्यात नाव, कामाला लागल्याची तारीख, पगार, घेतलेली उचल आणि मागच्या दिवाळीला दिलेली रक्कम. ‘गेल्या वर्षी किती दिले होते?’ हा प्रश्न दरवर्षी पडतो आणि आठवणीवर भरवसा ठेवला की कुणाचे तरी कमी होतात.

सुट्या नोटा. एटीएममधून बहुतेक पाचशेच्याच निघतात. नवरात्रात एकदा बँकेत जाऊन शंभरच्या आणि पन्नासच्या नोटा आणून ठेवा. दसऱ्यानंतर काउंटरवर त्या मिळणं अवघड जातं.

साधी पाकिटं, आणि त्यावर पेनानं लिहिलेलं नाव. नाव लिहिलेलं पाकीट हातात देताना आपण त्या माणसाकडे पाहून देतो. एक रुपयाचं नाणं वर घालायची आपली पद्धत आहे, ती मी पाळते.

ज्याच्या-त्याच्या नावावरचा यूपीआय नंबर. ‘ज्याच्या-त्याच्या’ यावर जोर आहे. का, ते पार्लरच्या मुद्द्यात येईल.

४. घरकामाच्या मावशी

मुंबई, ठाणे, पुणे या पट्ट्यात वर्षभर काम केलेल्या मावशींना दिवाळीला एक पूर्ण पगार, ही साधारण रीत आहे. ती आली कुठून असा विचार केला तर १९६५ चा बोनस कायदा आठवतो. त्यात वर्षाच्या पगाराच्या किमान ८.३३ टक्के बोनस सांगितला होता आणि ८.३३ टक्के म्हणजे बरोबर बारावा हिस्सा, एक महिना. तो कायदा कारखान्यांसाठी आणि वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांसाठी होता. आपल्या घराला तो लागू नव्हता. पण ज्या घरातल्या माणसाला कंपनीतून बोनस मिळतो, त्या घरात काम करणाऱ्या बाईलाही तो मिळावा, हे साधं न्यायाचं आहे.

वर्ष पूर्ण झालं नसेल तर महिन्यांच्या हिशेबानं द्या. पगार ३,००० आणि जूनपासून काम म्हणजे दिवाळीपर्यंत पाच महिने झाले, तर १,२५० होतात. मी अशा वेळी दीड हजार करते. नुकत्याच महिनाभरापूर्वी लागलेल्या बाईंनाही पाचशे आणि फराळ द्या. आधीच्या घरचं काम सुटल्यामुळे त्यांची तिथली पोस्त बुडालेली असते.

वेळ फार महत्त्वाची. पाडव्याला किंवा भाऊबीजेला दिलेले पैसे उशिरा पोचलेले असतात. मुलांचे कपडे, तेल, रवा, साखर हे सगळं वसुबारसेच्या आधी घ्यावं लागतं. मी वसुबारसेच्या आठ दिवस आधी देते. त्या आठवड्यात आमच्या मावशी एकदा दुपारी दोन तास लवकर जातात, बाजारात. तेही मी आधीच धरून ठेवते.

सण कोणता, हे मात्र त्यांना विचारा. आमच्याकडे चार वर्षं ज्या स्वयंपाकाला येत होत्या, त्या मुस्लिम होत्या. पहिल्या वर्षी मी दिवाळीलाच दिले. त्यांनी घेतले. पुढच्या वर्षी विचारलं तेव्हा म्हणाल्या, ‘ताई, रमजान ईदेला दिलेत तर मुलींचे कपडे होतील.’ तेव्हापासून पाकीट ईदेच्या दहा दिवस आधी जायचं आणि दिवाळीला फराळाचा डबा. कुणी १४ एप्रिलला मागेल, कुणी नाताळला. वर्षातून एकदाच पूर्ण रक्कम द्यायची आहे, ती त्यांच्या सणाला गेली तर तिचा खरा उपयोग होतो.

आता चुका. या मी आजूबाजूला इतक्या वेळा पाहिल्या आहेत की स्पष्ट लिहिते.

जुने कपडे, जुनी चादर, आपल्याला आलेल्या आणि कुणी न खाल्लेल्या मिठाईचे डबे, ही पोस्त नव्हे. द्यायचे तर एरवी द्या, विचारून द्या. पोस्त म्हणजे रोख किंवा नवी वस्तू.

साडी द्यायची असेल तर पगाराच्या वर द्या, पगाराऐवजी नको. सहा घरी काम करणाऱ्या बाईला सहा साड्या मिळून घरभाडं भरता येत नाही.

उचल पोस्तीतून कापू नका. उचल महिन्याच्या पगारातून, थोडी थोडी, आधी ठरवून वळती करायची. दिवाळीला पाकीट उघडल्यावर त्यात अर्धेच पैसे निघाले तर त्या माणसाची आखणी कोसळते.

गणपतीत गावी गेल्या म्हणून खाडे मोजून पोस्त कमी करू नका. कोकणातल्या बाईंनी गणपतीला जायचं नाही तर कधी?

आणि एक पैशांपलीकडची गोष्ट. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा २००८ चा कायदा आहे. १८ ते ६० वयाच्या घरकामगारांना मंडळाकडे नोंदणी करता येते. तिथं आपण ‘या आमच्याकडे काम करतात’ असा दाखला सही करून द्यायचा असतो. त्याला आपल्याला एक कागद आणि पाच मिनिटं लागतात. बरीच घरं उगाच घाबरून सही देत नाहीत. मी दोघींना दिली आहे, मला आजवर कुणी काही विचारायला आलेलं नाही.

५. दारावर येणारे

वॉचमन, सफाईवाले, पेपरवाले, दूधवाले, इस्त्रीवाले, रोज गाडी धुणारा मुलगा. यांना मी दोनशे ते पाचशेच्या दरम्यान देते आणि सोबत फराळ. गाडी धुणाऱ्या मुलाला त्याचा महिन्याचा पूर्ण पगार, कारण तो महिन्यावर आहे आणि थंडीत पहाटे पाचला पाण्यात हात घालतो. इस्त्रीवाले कपड्यावर पैसे घेतात, त्यांना पोस्त द्यायची पद्धत सगळीकडे नाही. मी देते.

इथला मोठा सापळा म्हणजे अनोळखी माणसं. दिवाळीच्या आठवड्यात हातात वही घेऊन ‘महापालिकेतून आलो’, ‘ड्रेनेजवाले’, ‘लाइटवाले’ म्हणत लोक येतात. वहीत शेजारच्यांच्या नावापुढे दोनशे-दोनशे लिहिलेले दाखवतात, म्हणजे आपल्याला लाज वाटावी. त्यातले किती खरे हे कळायला मार्ग नाही. मी एकच करते: वर्षभर ज्याचा चेहरा पाहिला, त्यालाच. बाकीच्यांना ‘सोसायटीच्या ऑफिसात विचारा’ म्हणून नम्रपणे सांगायचं आणि दार लावायचं.

पोस्टमनकाका सरकारी नोकर आहेत. त्यांना पिढ्यान्‌पिढ्या पोस्त दिली जाते, पण मी रोख देत नाही. पाणी, चहा आणि चिवडा-लाडवांची पुडी. आमचे पोस्टमनकाका दाराशी उभे राहून एक लाडू खातात, उरलेले नातवाला नेतात.

६. पार्लर, सलून आणि घरी येऊन काम करणाऱ्या

इथं रीतीचं काही नाही, सगळं खुशीचं. त्यामुळे नवख्या माणसाला सगळ्यात अवघड जातं.

मालकीण स्वतः काम करत असेल, घरातल्या खोलीत छोटं पार्लर असेल, तर टिपची अपेक्षा नसते. दर तिनंच ठरवलेला असतो. दिवाळीला फराळ द्या, मैत्रिणींना तिचं नाव सांगा. मोठ्या सलूनमध्ये काम करणाऱ्या मुली आणि मुलगे मात्र पगारावर असतात, आणि तो पगार फारसा नसतो. तिथं मी बिलाच्या पाच ते दहा टक्के देते. केस धुणारी वेगळी आणि कापणारी वेगळी असेल तर दोघींना वेगळं. केस धुणाऱ्या मुली बहुतेक शिकाऊ असतात, ईशान्येकडच्या राज्यांतून किंवा नेपाळातून एकट्या आलेल्याही असतात, आणि टिप देताना नेमका त्यांचाच विसर पडतो.

आता यूपीआयचा मुद्दा. काउंटरवरचा क्यूआर कोड दुकानाच्या खात्याचा असतो. ‘दोनशे जास्त टाकले, तुम्ही घ्या’ असं म्हटलं की आपल्याला दिल्याचं समाधान मिळतं, पण पैसे मालकाच्या खात्यात गेलेले असतात. ते महिनाअखेरीला वाटले जातात, अर्धे वाटले जातात किंवा वाटलेच जात नाहीत. एका ठिकाणी वर्षभर मी असंच काउंटरवर टाकत राहिले. शेवटी त्या मुलीनं काम सोडताना हळूच सांगितलं की तिला त्यातलं काहीच मिळालं नव्हतं. तेव्हापासून सलूनला जाताना पर्समध्ये शंभरच्या दोन नोटा असतातच. हातात द्यायचं, बिल भरायच्या आधी, खुर्चीपाशीच. नोट नसेल तर तिचा स्वतःचा नंबर विचारायचा.

अ‍ॅपवरून घरी येणाऱ्या ब्यूटिशियनना अ‍ॅपमध्येच टिप देता येते. पण त्यांना सगळ्यात आधी लागतं ते पाणी आणि बाथरूम. दिवसभर दुसऱ्यांच्या घरी फिरणाऱ्या या बायका बाथरूम वापरू का असं विचारायलाही संकोचतात. आपण आल्या-आल्या दाखवून द्यावं. आणि काम चांगलं झालं असेल तर पूर्ण पाच तारे द्या. त्यांना पुढची कामं मिळणं बऱ्याच अंशी त्या ताऱ्यांवर असतं.

लग्नात मेकअप करणाऱ्या बाईंचा दर हजारांत असतो, त्यांना टिपची गरज नाही. पण पहाटे चारला त्यांच्यासोबत पेटी उचलून आलेली, नऊवारी नेसवणारी, खोपा घालणारी मदतनीस मुलगी असते, तिला पाचशेचं पाकीट द्या आणि पंगतीला बसवा. मेहंदीवाल्या मुलींनाही तसंच. रात्री बारापर्यंत वाकून हात रंगवलेले असतात, त्यांना घरी पोचवायची गाडी ही टिपच्या आधीची जबाबदारी.

७. बाळंतपण आणि मालिशवाल्या बाई

हे ज्यांच्या घरी पहिल्यांदा येतंय, त्यांनी नीट वाचा. बाळाला आणि बाळंतिणीला मालिश करून, न्हाऊ घालून, धुरी देणाऱ्या बाई सव्वा महिना येतात. कुणी तीन महिनेही ठेवतात. दर पहिल्याच दिवशी ठरवा: दिवसाचा की महिन्याचा, बाळाचं एकटं की दोघांचं, रविवारी येणार का. ठरलेले पैसे दर आठवड्याला द्या, शेवटी एकदम नको.

रीतीचं देणं दोनदा येतं. बारशाच्या दिवशी त्यांना नुसतं जेवायला बोलवून भागत नाही. बऱ्याच घरांत न्हाऊ घालणाऱ्या बाईंची ओटी भरतात, वर ब्लाउजपीस आणि एकावन्न किंवा एकशे एक देतात. दुसरं देणं शेवटच्या दिवशी. साडी, ओटीत तांदूळ आणि नारळ, आणि एका आठवड्याच्या मजुरीएवढी रोख रक्कम. माझ्या वेळी आई लातूरहून आली होती. तिनं साडी आधी त्या बाईंना रंग विचारून घेतली. ‘बाळाच्या अंगावर पहिला हात यांचा,’ म्हणाली, ‘यांना न आवडणारी साडी कशी द्यायची?’ त्या बाई वर्षभरानं बाळाच्या वाढदिवसाला तीच साडी नेसून आल्या.

मुलगी झाली म्हणून देणं कमी करणारी घरं मी पाहिली आहेत. मालिश दोघांचीही तेवढीच असते.

८. दवाखाना आणि घरची रुग्णसेवा

खासगी दवाखान्यात डिस्चार्जच्या दिवशी वॉर्डातले मामा आणि मावशी खोलीच्या दाराशी येऊन उभे राहतात. बाळ झालं असेल तर ‘पेढे द्या’ म्हणतात आणि त्याचा अर्थ पैसे असा असतो. ज्यांनी खरोखर बेडपॅन दिलं, चादरी बदलल्या, स्ट्रेचर ढकलला, त्यांना शंभर-दोनशे खुशीनं द्या, पण दोन अटी पाळा. एक, डिस्चार्जच्या आधी देऊ नका. दाखल झाल्याबरोबर पैसे दिले की पैसे न देऊ शकणाऱ्या शेजारच्या खाटेवरच्या माणसाची घंटा ऐकली जात नाही. दोन, कुणी अडवलं, ‘पाचशेच्या खाली घेणार नाही’ म्हणालं, तर द्यायचं नाही आणि मेट्रनला सांगायचं.

नर्सना रोख देऊ नका. त्या शिकलेल्या आहेत, अनेकींना ते अपमानाचं वाटतं. नर्सिंग स्टेशनवर सगळ्या पाळ्यांना पुरेल एवढा पेढ्यांचा डबा ठेवा, आणि अभिप्रायाच्या फॉर्मवर नाव घालून लिहा. ‘रात्रपाळीच्या अमुक सिस्टरांनी दर दोन तासांनी कूस बदलली’ एवढं लिहिलेलं वाक्य त्यांच्या फाइलीत जातं.

रुग्णाची काळजी घ्यायला माणसं पुरवणाऱ्या ब्युरोकडून घरी ठेवलेल्या मावशी किंवा मामा बारा तासांच्या पाळीवर येतात. आपण ब्युरोला जे देतो, त्यातून ब्युरोचं कमिशन कापून उरलेलं त्यांना मिळतं. म्हणून इथं मी हात सैल सोडते. जेवण-चहा आपलाच. महिन्यातून एकदा, सुट्टीला जाताना, एका दिवसाच्या पैशांएवढी रक्कम हातात.

माझे सासरे २०१९ साली गेले. शेवटचे सात महिने एक मामा त्यांच्याकडे होते. त्यांना उचलून बसवणं, दाढी करणं, रात्री भीती वाटली की हात धरून बसणं, सगळं त्यांनी केलं. सासरे सकाळी गेले आणि दुपारपर्यंत घर माणसांनी भरलं. मामा आपली पिशवी घेऊन जिन्याशी उभे होते, कारण त्यांचं काम त्या क्षणी संपलं होतं आणि ब्युरो दुसऱ्या दिवशी त्यांना दुसरीकडे पाठवणार होता. माझ्या नवऱ्याच्या ते लक्षात आलं. आम्ही त्यांना त्या महिन्याचा पूर्ण पगार दिला, आणि तेराव्याला बोलावून कपडे आणि पाच हजार दिले. तुमच्या घरी अशी वेळ आली तर, गडबडीत हे कुणाच्याच लक्षात राहत नाही, म्हणून आधीच घरातल्या एकाला सांगून ठेवा. माणूस बरा झाला तर सगळे देतात. माणूस गेला तरी सेवा झालेलीच असते.

९. बाकीचं, थोडक्यात

गॅस सिलिंडर: पावतीवरच्या किमतीत घरपोच आणण्याचा आकार धरलेला असतो. तीस-चाळीस रुपये ‘डिलिव्हरीचे’ म्हणून मागितले तर ते देणं बंधनकारक नाही. लिफ्ट नसलेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर कुणी सिलिंडर खांद्यावर आणला, तर मी आपणहून वीस-तीस देते.

ड्रायव्हर: महिन्यावरच्या ड्रायव्हरला दिवाळीला एक पगार. बाहेरगावच्या फेरीसाठी बोलावलेल्याला जेवण आणि मुक्कामाचा भत्ता ठरलेला हवा, त्यानंतर खुशी. त्याला झोपायला जागा कुठे आहे, हे हॉटेल बुक करतानाच विचारा.

सामान हलवणारे: पॅकर्सच्या टेम्पोबरोबर आलेल्या प्रत्येक मजुराला शंभर-दोनशे आणि भरपूर पाणी, नाश्ता. पैसे प्रत्येकाच्या हातात द्या, मुकादमाकडे एकगठ्ठा नको. निम्म्या कामात कुणी ‘आधी चहापाणी द्या’ म्हणून अडून बसलं तर कंपनीला फोन करा.

प्लंबर, इलेक्ट्रिशियन, सुतार: आधी पन्नास रुपयांसाठी घासाघीस करायची आणि मग वीसची टिप द्यायची, याला अर्थ नाही. मागितलेली योग्य मजुरी पूर्ण द्या.

हॉटेल: बिलात परस्पर सर्व्हिस चार्ज लावायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनी मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये त्या सूचना कायम ठेवल्या. तो आकार काढायला सांगा. ऐकलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. आणि तो काढून घेतल्यावर वाढणाऱ्या मुलाच्या हातात आपल्या मनानं द्या.

गुरुजी: दक्षिणेला टिप समजू नका. पूजा ठरवतानाच रक्कम आणि शिधा विचारून घ्या.

१०. जिथे द्यायचंच नाही

तलाठी कार्यालय, महापालिकेचं वॉर्ड ऑफिस, आरटीओ, पासपोर्टच्या पडताळणीला घरी आलेला पोलीस, वीजमीटर लावायला आलेला कर्मचारी, सरकारी रुग्णालयातला वॉर्डबॉय, स्मशानातला पालिकेचा माणूस. इथं ‘खुशीनं काहीतरी’ म्हटलं तरी ती लाच आहे. १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली दुरुस्ती झाली, त्यानंतर लाच देणाराही गुन्हेगार धरला जातो आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. जबरदस्तीनं द्यावी लागली तर सात दिवसांच्या आत तक्रार केलेल्याला त्यातून संरक्षण आहे. महाराष्ट्रात लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री नंबर १०६४.

नव्या शहरात कागदपत्रं बदलताना हे दर आठवड्याला समोर येतं. मदत करणारे शेजारीच म्हणतात, ‘दोनशे देऊन टाका, सगळे देतात.’ मी नव्या पत्त्याच्या पासपोर्टच्या वेळी दिले नाहीत. चहा विचारला, कागद दाखवले, सही घेतली. काम झालं, आठ दिवस जास्त लागले.

११. वेळ चुकली असेल तर

हे वाचताना कुणाला आठवलं असेल की गेल्या महिन्यात आपल्याकडून राहून गेलं. पुढच्या वर्षावर ढकलू नका. तुळशीच्या लग्नापर्यंत आपल्याकडे दिवाळीच धरतात. पाकिटावर नाव लिहा, रक्कम पूर्ण घाला, आणि ‘मला इथली रीत माहीत नव्हती, माझं चुकलं’ एवढंच सांगून हातात द्या. २०१३ च्या नोव्हेंबरात मी शेजारच्या काकूंकडून कळल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींना तसं दिलं. त्यांनी पाकीट न उघडता कमरेला खोचलं, भांडी घासली आणि जाताना म्हणाल्या, ‘ताई, धाकट्याचे बूट राहिले होते.’ त्या अजून आमच्याकडेच आहेत. धाकटा आता आयटीआय झालाय.